गोल्फ क्लबचं नाव आणि दुसरी पायरी

नाशिकमध्ये रिक्षात बसून 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर चला' म्हटलं, तर रिक्षावाला क्षणभर थबकतो. मग मागे वळून विचारतो, "म्हणजे गोल्फ क्लब ना?" आपण मान हलवतो आणि रिक्षा त्र्यंबक नाक्याच्या दिशेनं निघते. या मैदानावर मी क्रिकेट पाहिलं आहे, सभा ऐकल्या आहेत, पहाटे फेऱ्या मारणारी माणसं पाहिली आहेत. गोल्फ खेळताना मात्र आजवर कुणालाही पाहिलेलं नाही. तरीही नाव गोल्फ क्लबच.

आमचं या मैदानाशी नातं वेगळ्या कारणानं. शेजारीच शहाजहानी ईदगाह मैदान आहे. लहानपणी ईदच्या सकाळी अब्बांचं बोट धरून आम्ही नमाजाला जायचो. नवे कपडे, खिशात अत्तराचा फाया, आणि वाटेत लागणारं हे मैदान. एकदा मी अब्बांना विचारलं, "गोल्फ क्लब म्हणजे काय?" अब्बा म्हणाले, "साहेब लोक काठीनं चेंडू मारायचे, आणि आपल्यातलं कुणीतरी पोरगं तो शोधून आणायचं." नमाजाची वेळ झाली होती, बोलणं तिथंच संपलं. पण ते 'शोधून आणणारं पोरगं' माझ्या डोक्यात राहिलं. पुढं गोल्फविषयी जे काही वाचलं, ते त्या पोराच्या शोधातच वाचलं असं म्हटलं तरी चालेल. मी स्वतः गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते खेळाच्या तंत्राविषयी नाही. खेळाच्या मैदानात कोण कुठल्या दारानं आत आलं, त्याविषयी आहे.

नाशिकला गोल्फ आला तो इंग्रजांबरोबर. भारतात हा खेळ तसा फार जुना. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. ब्रिटनबाहेर इतके जुने क्लब क्वचितच सापडतील. पुढं १८६५ मध्ये कसारा घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईच्या साहेबाला नाशिक जवळचं झालं. मुंबईचा घाम नको, घाटमाथ्याची थंड कोरडी हवा हवी, मोकळं माळरान हवं, या साऱ्या गोष्टी इथं होत्या. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब नावाचा क्लब नाशिकलाच होता. नावात 'रॉयल' आणि 'वेस्टर्न इंडिया', आणि पत्ता मात्र आपल्या नाशिकचा! तीर्थक्षेत्र म्हणून ज्या गावाची ख्याती, ते गाव एके काळी साहेबांच्या गोल्फचंही गाव होतं, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

याच नाशकात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपाचं निमित्त होतं. अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी तिथं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढं साहेब गेले, क्लब गेला, आणि मैदानाला त्या अठरा वर्षांच्या मुलाचं नाव मिळालं. साहेबांच्या खेळाच्या जागेला, साहेबाला गोळी घालणाऱ्याचं नाव. इतिहासानं केलेली ही भरपाई मोठी आहे. पण लोकांची जीभ हट्टी असते. ती अजून गोल्फ क्लबच म्हणते. यात हुतात्म्याचा अनादर नाही, सवय आहे. आणि सवयीत कधी कधी इतिहासाचा विसरलेला भाग शिल्लक राहतो.

आता त्या चेंडू शोधणाऱ्या पोराकडे वळू. त्याला गोल्फमध्ये 'कॅडी' म्हणतात. खेळणाऱ्याची काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घ्यायची, त्याच्यामागून चार-पाच मैल चालायचं, चेंडू कुठं पडला ते लक्षात ठेवायचं, वारा कुठून आहे, हिरवळीचा उतार कुठं आहे ते सांगायचं. खेळाचं सगळं ज्ञान कॅडीकडे, आणि खेळ मात्र दुसऱ्याचा. बऱ्याच ठिकाणी रिवाज असा, की आठवड्यात एक दिवस क्लब बंद असला की कॅडींनी खेळून घ्यावं. त्या एका दिवसावर, मोडक्या काठ्यांवर आणि हरवलेल्या चेंडूंवर आपल्या देशात खेळाडूंची एक पिढी तयार झाली.

हा भेद फक्त आपल्याकडचा नव्हे. विलायतेत आणि अमेरिकेतही पैशासाठी खेळणारा व्यावसायिक खेळाडू हा हलका मानला जाई. हौसेनं खेळणारा तो सभ्य गृहस्थ, पोटासाठी खेळणारा तो नोकर. व्यावसायिकाला क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायला मुभा नसे. त्यानं बाहेरच कपडे बदलावेत, बाहेरच जेवावं. १९२० मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धा ओहायोतल्या इन्व्हरनेस क्लबवर झाली, तेव्हा त्या क्लबनं व्यावसायिकांना दार उघडलं. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. दार उघडलं म्हणून घड्याळ! ज्यांच्यासाठी दार कधी बंदच नव्हतं, त्यांना या भेटीचा अर्थ कळायला थोडा वेळ लागेल.

आपल्याकडे इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन याचा त्यात पुढाकार होता, आणि पहिला विजेताही तोच. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, बिल्लू सेठी हा हौशी भारतीय खेळाडू जिंकला. लोकांना वाटलं, आता आपले खेळाडू जिंकत राहणार. प्रत्यक्षात पुढची पंचवीस वर्षं एकही भारतीय जिंकला नाही. १९९१ मध्ये जिंकला तो अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला माणूस. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. कुणाला वाटलं असेल की लागली लॉटरी, म्हणून १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. मग १९९८ मध्ये कोलकात्याचा फिरोझ अली आला, २००९ मध्ये बंगळुरूचा मुनियप्पा आला. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ राखायचं काम करत. तो २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. ज्या क्लबची स्थापना १८२९ मध्ये साहेबांनी साहेबांसाठी केली, त्याच्या माळ्याचा मुलगा देशाचा विजेता झाला.

ही नावं सांगताना अंगावर मूठभर मांस चढतं. पण इथं एक प्रश्न विचारला पाहिजे. अली शेर आणि चौरासिया यांच्यामध्ये, आणि त्यांच्या मागे, जे शेकडो जण होते त्यांचं काय? मोठ्या स्पर्धेपर्यंत पोचायचा रस्ता कुठून जातो? तो जातो दुसऱ्या पायरीवरून. आजचा माझा खरा विषय ही दुसरी पायरीच आहे.

मी कवी आहे, म्हणून मुशायऱ्याचं उदाहरण देतो. मुशायऱ्यात बुजुर्ग शायर शेवटी वाचतात. नवख्यांनी आधी वाचायचं, लोक अजून चपला काढून जागा शोधत असतात तेव्हा. मानधन नाही, एसटीचं भाडं आपलं आपण. पण तिथं चांगला शेर पडला, तर पुढच्या वेळी नाव थोडं खाली सरकतं, म्हणजे मानानं वर चढतं. गोल्फमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धा अशाच असतात. दूरदर्शनचे कॅमेरे नाहीत, प्रेक्षकांत बहुधा नातेवाईक. बक्षिसाची रक्कम मोठ्या स्पर्धेच्या मानानं किरकोळ. पण वर्षभराच्या गुणतक्त्यात पहिल्या काहींत आलात, तर पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीचं दार उघडतं.

अशी पायरी मुद्दाम बांधावी लागते, हे मोठ्या देशांनाही उशिराच कळलं. युरोपात १९८६ मध्ये 'सॅटेलाइट टूर' नावानं अशी मालिका सुरू झाली, १९९० पासून ती 'चॅलेंज टूर' झाली, आणि २०२५ पासून प्रायोजकाच्या नावानं ओळखली जाते. अमेरिकेतही १९९० मध्येच बेन होगन या थोर खेळाडूच्या नावानं दुसऱ्या श्रेणीची मालिका निघाली. तिचं नाव प्रायोजक बदलला की बदलत गेलं. पहिल्या श्रेणीचा थाट कायम, दुसरीचं नाव भाड्याचं! पण या पायरीवरून कोण कोण गेलं पाहा. अमेरिकेचा ब्रूक्स केप्का मायदेशात जागा मिळेना म्हणून युरोपच्या चॅलेंज टूरवर आला. २०१३ मध्ये त्यानं तिथं एका वर्षात तीन स्पर्धा जिंकल्या आणि वरच्या श्रेणीत गेला. पुढं २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षं अमेरिकन ओपन त्याच्या नावावर लागली.

आपल्या अर्जुन अटवालची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी. अमेरिकेच्या मुख्य मालिकेत पोचलेला तो पहिला भारतीय. खाली घसरला तेव्हा दुसऱ्या श्रेणीत गेला आणि २००८ मध्ये तिथली चॅटनूगाची स्पर्धा जिंकून परत वर आला. मग खांद्याचं दुखणं लागलं आणि २०१० मध्ये मुख्य मालिकेतली त्याची जागा गेली. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो सोमवारच्या पात्रता फेरीतून विंडम स्पर्धेत शिरला, म्हणजे जवळजवळ रांगेत उभं राहून तिकीट काढावं तसा. आणि रविवारी ती स्पर्धा जिंकून बाहेर पडला. अमेरिकेच्या मुख्य मालिकेत भारतीयाचा हा पहिला विजय. वर-खाली करण्याची सोय असते म्हणूनच अशा गोष्टी घडतात.

भारतात व्यावसायिक खेळाडूंची सध्याची संघटना, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, २००६ मध्ये उभी राहिली. जगाच्या नकाशावर पाहिलं तर आपली देशांतर्गत मालिका ही स्वतःच खालची पायरी. पण त्या पायरीवर केवढी माणसं उभी आहेत! मध्य प्रदेशातलं महू गाव आपण बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून ओळखतो. त्याच महूच्या लष्करी छावणीतल्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेला मुकेश कुमार. त्यानं देशात शंभराहून अधिक स्पर्धा जिंकल्या आणि तरीही बाहेरच्या लोकांना तो माहीत नव्हता. २०१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यानं दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकली आणि आशियाई मालिकेतला पहिला विजय मिळवला. लोक निवृत्तीचा हिशेब करतात त्या वयात.

युरोपची ती दुसरी पायरी भारतात आली २०११ मध्ये, तीही आपल्या शेजारी. अहमदाबादजवळच्या केन्सव्हिल मैदानावर 'गुजरात केन्सव्हिल चॅलेंज' भरली. मैदानाची आखणी जीव मिल्खा सिंगची. पहिल्या वर्षी गगनजीत भुल्लर जिंकला, २०१२ मध्ये जर्मनीचा मॅक्सिमिलियन कीफर, २०१३ मध्ये शिव कपूर. तीन वर्षांत दोन भारतीय विजेते. घरच्या मैदानावर, घरचं खाऊन, परदेशी व्हिसाची आणि विमानभाड्याची चिंता न करता युरोपच्या गुणतक्त्यात नाव लावता येतं, हा त्या स्पर्धेचा फायदा. पण दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेचं आयुष्य प्रायोजकाच्या चेकबुकावर असतं. २०१३ नंतर ती स्पर्धा पुन्हा रुजली नाही.

मधली कितीतरी वर्षं गेली. २०२३ मध्ये चॅलेंज टूर बंगळुरूला आली. तिथली डंकन टेलर ब्लॅक बुल चॅलेंज ही स्पर्धा जिंकली ओमप्रकाश चौहान यानं. हा कुठला? महूचाच! त्याच वर्षी तो देशांतर्गत गुणतक्त्यातही पहिला आला. दोन्ही संघटनांत झालेल्या कराराप्रमाणे गुणतक्त्यातल्या पहिल्याला युरोपच्या मुख्य मालिकेत प्रवेश मिळतो, तो त्याला २०२४ साठी मिळाला. एका छावणीच्या गावातला मुकेश कुमार पन्नाशी उलटेपर्यंत ज्या दारापाशी थांबला, ते दार त्याच गावच्या पुढच्या माणसाला खुलं झालं. मधे फरक कशाचा? गुणवत्तेचा म्हणवत नाही. मधे पायरी बांधली गेली, हा फरक. २०२४ मध्ये तर देशांतर्गत मालिकेच्याही खाली 'नेक्सजेन' नावाची आणखी एक पायरी निघाली. नवख्यांसाठी.

आता या पायरीवर उभं राहणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसता पोवाडा गाऊन गेलो असं होईल. स्पर्धा बहुधा चार दिवसांची. रोज अठरा होल, म्हणजे अठरा वेळा चेंडू दूरच्या खळग्यात घालायचा. ज्याचे एकूण फटके कमी, तो जिंकला. पण दोन दिवस झाले की चाळणी लागते, तिला 'कट' म्हणतात. शंभर-सव्वाशे जणांतले साधारण पन्नास-साठ जण पुढं जातात. उरलेल्यांनी पिशवी भरायची आणि घरी जायचं, सहसा हातात एक पैसाही न पडता. प्रवास, राहणं, जेवण, प्रवेश शुल्क, स्वतःच्या कॅडीची मजुरी, सगळं खिशातून. एका फटक्यानं कट चुकला की दोन आठवड्यांचा खर्च बुडाला. ज्याच्या घरी चार पैसे आहेत, तो अशी दहा अपयशं पचवू शकतो. कॅडीच्या घरातला मुलगा तिसऱ्या अपयशाला पुन्हा दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेतो. म्हणून पायरी बांधली एवढ्यानं भागत नाही. तिच्यावर थोडा वेळ उभं राहता आलं पाहिजे, कुणीतरी पाठीशी हवं.

महाराष्ट्राचं काय, असं कुणी विचारील. मुंबईत इंग्रजांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नसे, तेव्हा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांनी दोघांनाही चालेल असा क्लब काढला, तो आजही त्यांच्या नावानं आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, तिथं देशांतर्गत मालिकेच्या स्पर्धा झाल्या आहेत. आज भारताचं मोठं नाव असलेला अनिर्बन लाहिरी जन्मला पुण्यात, १९८७ मध्ये. दोन ऑलिम्पिक खेळलेल्या या खेळाडूनंही २०१५ मध्ये अमेरिकेच्या मुख्य मालिकेत प्रवेश मिळवला तो दुसऱ्या श्रेणीच्या अखेरच्या स्पर्धांमधून. आणि पुण्याचा उदयन माने. देशांतर्गत मालिकेत जिंकत जिंकत त्याचं नाव टोकियो ऑलिम्पिकच्या राखीव यादीत पोचलं होतं. २०२१ च्या जुलैत अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि मानेला ऐनवेळी जागा मिळाली. निकालात तो मागे राहिला. पण पुण्या-बंगळुरूच्या मैदानांवर, बिनकॅमेऱ्याच्या स्पर्धांत गोळा केलेले गुण त्याला ऑलिम्पिकच्या हिरवळीवर घेऊन गेले, हे विसरून चालणार नाही.

नाशिकला परत येतो. मनात एक कोडं आहे, ते तुमच्यापुढं ठेवतो. आमच्या गावातून गोल्फ गेला याचं मला दुःख नाही. अठरा होलांच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते आणि उन्हाळ्यातही हिरवळ राखायला पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणारी गावं आहेत, तिथं एवढं पाणी मूठभरांच्या खेळासाठी मागायला माझी जीभ रेटणार नाही. शिवाय साहेबांच्या त्या क्लबात माझ्या अब्बांना पिशवी उचलण्यापलीकडे काही काम मिळालं नसतं. आज त्या मैदानात कुणीही जातो. २०२५ च्या जानेवारीत तिथं महाराष्ट्र आणि बडोद्याचा रणजी सामना झाला, तेव्हा गावातली पोरं मोठे खेळाडू डोळ्यांनी पाहत होती. मैदान सर्वांचं झालं, ही मोठीच गोष्ट.

पण दुसरी बाजूही खरी आहे. दिल्ली, कोलकाता, महू इथं क्लब राहिले, भिंती राहिल्या, आणि त्या भिंतींच्या आत पिशव्या उचलणाऱ्यांतूनच अली शेर आणि मुकेश कुमार निघाले. आमच्याकडे भिंत गेली, आणि तिच्याबरोबर ते चेंडू शोधणारं पोरगंही गेलं. त्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. कदाचित त्याचाही हात अली शेरसारखाच सरळ असेल. त्याच्या वेळी दुसरी पायरीच नव्हती.

म्हणून मला वाटतं, आपण मैदानं मोकळी केली तेवढ्यावर थांबू नये. गोल्फ राहू द्या बाजूला. क्रिकेट असो, कुस्ती असो, धावणं असो, की आमची कविता असो, प्रत्येक ठिकाणी शिखराचे सत्कार होतात आणि दुसऱ्या पायरीला प्रायोजक मिळत नाही. तालुक्याची स्पर्धा पैशाअभावी बंद पडते, छोटं साहित्य संमेलन सभागृहाच्या भाड्यापायी बारगळतं, आणि आपण म्हणतो, नवे लोक येत नाहीत. येणार कुठून?

मध्यंतरी ईदच्या नमाजानंतर परतत होतो. माझा नातू बरोबर होता. गोल्फ क्लबच्या कुंपणापाशी थांबून त्यानं मला तोच प्रश्न विचारला, जो मी अब्बांना विचारला होता. मी त्याला आधी अनंत कान्हेऱ्यांची गोष्ट सांगितली, कारण मैदानाचं खरं नाव ते आहे. मग अली शेरची सांगितली. तो म्हणाला, "दादा, चेंडू शोधून आणणाराच जिंकला?" मी म्हटलं, "हो. पण त्याला आधी खेळायला मिळालं, म्हणून."